मेनू, संगणकीय

संगणकाच्या पडद्यावर वापरणाऱ्यास निवडीसाठी दाखविण्यात येणारी आज्ञांची अथवा आज्ञावल्यांची क्रमवार यादी. तीस ‘आदेशसूची’ असेही म्हणतात. तथापि मराठीत ‘मेनू’ हाच शब्द अधिक रूढ आहे. हा शब्द मूळ फ्रेंच असून तो ‘लहान, बारीकसारीक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. उपाहारगृहातील यादी पाहून जसा पदार्थाचे नाव पाठ नसतानाही तो मागविता येतो, तशीच संगणकाची आज्ञा तिचे शब्द लक्षात न ठेवता केवळ यादीतून निवडता यावी, ही मेनूमागील मूळ कल्पना होय.

संगणकीय मेनूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात एखाद्या आज्ञावलीतील कामांची यादी येते, उदा., लेखनसंस्करणाच्या आज्ञावलीतील फाइल, संपादन, दृश्य इ. स्तंभ. दुसऱ्या वर्गात संगणकावर बसविलेल्या सर्व आज्ञावल्यांची यादी येते. विंडोज प्रणालीतील ‘स्टार्ट’ मेनू हे तिचे परिचित उदाहरण होय. दोन्ही प्रकारच्या याद्या निर्मात्याने सरासरी वापरकर्ता डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. प्रत्यक्ष वापरणारा मात्र सरासरी नसतो. त्यामुळे यादीत भर घालणे, नको ते वगळणे, क्रम बदलणे, गट पाडणे, नावे बदलणे व एखाद्या आज्ञेस कळफलकावरील संक्षिप्त कळ जोडणे या क्रियांची गरज निर्माण होते. या सर्व क्रियांस मिळून मेनूचे अनुकूलन म्हणतात. यादी कोणाच्या सोयीची असावी आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात आरंभापासून आढळतो.

प्रारंभीचा काळ : छिद्रित पत्रे व दूरमुद्रक यांच्या काळात संगणकास द्यावयाची आज्ञा अक्षरशः लिहून द्यावी लागे. पडद्यावरील वस्तूकडे थेट निर्देश करून काम करण्याची शक्यता आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये तयार केलेल्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीने दाखवून दिली. तीत प्रकाश-लेखणीचा उपयोग केला होता. डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये माउस हे साधन विकसित केले व ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये स्थापन केलेल्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. तेथील ‘स्मॉलटॉक’ प्रणालीत माउसची कळ दाबताच निर्देशकाजवळ उघडणारे मेनू वापरात आले.

सर्वसामान्य कार्यालयांत मात्र मेनू प्रथम पोहोचले ते केवळ अक्षरे दाखविणाऱ्या पडद्यांवर. १९७८ मध्ये बाजारात आलेल्या ‘वर्डस्टार’ या लेखनसंस्करणाच्या आज्ञावलीत पडद्याच्या वरच्या भागी आज्ञांची यादी दिसे. नवशिक्यास ती उपयुक्त होती. परंतु सरावलेल्या टंकलेखकास ती मजकुराची जागा अडविणारी वाटे. यावर उपाय म्हणून वर्डस्टारमध्ये साहाय्याच्या पातळ्या ठरविण्याची सोय केलेली होती. पातळी जसजशी कमी करावी तसतसे मेनू कमी दिसत व अखेरीस नाहीसे होत. वापरणाऱ्याच्या वाढत्या कौशल्याबरोबर मेनूने मागे सरावे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडलेले दिसते.

अभियांत्रिकी आरेखनाच्या क्षेत्रात अनुकूलन याहून पुढे गेले. १९८२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘ऑटोकॅड’ या आज्ञावलीचे मेनू साध्या मजकुराच्या फाइलीत साठविलेले असत. कोणत्याही साध्या संपादकाने ती फाइल उघडून तीत नव्या ओळी घालता येत. १९८६ पासून ‘ऑटोलिस्प’ ही भाषा उपलब्ध झाल्यावर मेनूतील एका नोंदीमागे आज्ञांची संपूर्ण मालिका ठेवता येऊ लागली. यामुळे वास्तुशिल्पी, नळकाम आखणारे व यंत्रभागांचे आरेखक आपापल्या व्यवसायातील चिन्हे व ठराविक कृती मेनूत बसवू लागले. कित्येक आरेखन कार्यालयांत मेनूची ही फाइल कार्यपद्धतीचाच एक भाग बनली. २००५ मध्ये आलेल्या ऑटोकॅड २००६ या आवृत्तीपासून या मजकूर-फाइलींची जागा संवादपटलाद्वारे संपादन करावयाच्या नव्या स्वरूपाच्या फाइलीने घेतली.

डॉस या परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांवर आज्ञावल्यांची यादी मुळात नसेच. तेव्हा कार्यालयातील एखादी जाणकार व्यक्ती आज्ञांची गठ्ठा-फाइल लिहून संगणक सुरू होताच ‘१ – पत्रलेखन, २ – हिशेब’ अशा धर्तीची यादी दाखविण्याची व्यवस्था करी. १९८६ मध्ये आलेल्या ‘नॉर्टन कमांडर’ या आज्ञावलीत वापरकर्त्याने स्वतः रचावयाच्या मेनूसाठी वेगळी फाइल व वेगळी कळ होती. या काळातील अनुकूलन म्हणजे शोभेची बाब नव्हती. पुष्कळ ठिकाणी मेनू मुळापासून वापरणाऱ्यालाच तयार करावा लागे.

चित्रमय मेनू : झेरॉक्सच्या १९८१ मधील ‘स्टार’ या संगणकात मेज, कागद, फाइली यांची चित्रे पडद्यावर होती, तथापि त्यात मेनूंपेक्षा कळफलकावरील सर्वसामान्य आज्ञांच्या कळांवर अधिक भर होता. पडद्याच्या वरच्या कडेस कायम दिसणारी व माउसने खाली ओढून उघडावयाची मेनूपट्टी ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ (१९८३) संगणकासाठी बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) यांनी विकसित केली. २४ जानेवारी १९८४ रोजी सादर झालेल्या ‘मॅकिंटॉश’ संगणकाने ती लोकप्रिय केली. पडद्याच्या कडेस निर्देशक आपोआप अडत असल्यामुळे तेथील लक्ष्य गाठणे सोपे जाते. पॉल फिट्स (१९१२–६५) यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या, लक्ष्याचे अंतर व आकारमान यांचा हालचालीच्या वेळाशी संबंध जोडणाऱ्या नियमाशी ही गोष्ट सुसंगत आहे.

मॅकिंटॉशमध्ये सर्व आज्ञावल्यांचे मेनू एकसारखे असावेत असा आग्रह होता व अनुकूलनास वरवर फारसा वाव नव्हता. असे असूनही मेनूंतील शब्द आज्ञावलीच्या मुख्य संकेतापासून वेगळे, ‘रिसोर्स’ या स्वरूपात साठविण्याची व्यवस्था त्यात होती. मेनूंचे अन्य भाषांत भाषांतर करणे त्यामुळे सुलभ झाले. तसेच ‘रेसएडिट’ या संपादकाच्या साहाय्याने हौशी वापरकर्त्यासही मूळ आज्ञावली पुन्हा न रचता तिच्या मेनूतील नाव किंवा संक्षिप्त कळ बदलता येई. १९९१ मधील ‘सिस्टिम ७’ या आवृत्तीत ॲपल-मेनूसाठी एक खास फोल्डर ठेवण्यात आला. त्यात जे टाकावे ते मेनूत दिसू लागे. मेनूची रचना बदलणे म्हणजे फाइली हलविणे, इतके ते सोपे झाले. पुढे २००१ मध्ये आलेल्या ‘मॅक ओएस एक्स’ मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली व ‘डॉक’ नावाची चित्रपट्टी पुढे आली. सप्टेंबर २००० मधील चाचणी आवृत्तीत तर ॲपल-मेनूच नव्हता. अंतिम आवृत्तीत तो परत आला, परंतु वापरकर्त्याला बदलता न येणाऱ्या रूपात.

याच सुमारास प्रमाणीकरणाचेही प्रयत्न झाले. आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ ही नियमावली प्रसिद्ध केली. फाइल, संपादन, दृश्य, साहाय्य हा स्तंभांचा परिचित क्रम रुजविण्यात तिचा वाटा मोठा आहे. प्रमाणित मेनूचा लाभ असा की, एका आज्ञावलीत शिकलेले दुसरीत उपयोगी पडते. शिवाय मार्गदर्शक पुस्तिकेतील सूचना प्रत्येक यंत्रास लागू पडतात. अनुकूलनामुळे नेमका हाच लाभ धोक्यात येतो.

मेनूच्या मालकीचा वाद : मेनूची रचना ही कोणाची मालमत्ता, हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांपुढे आला. जानेवारी १९८३ मध्ये विक्रीस आलेल्या ‘लोटस १-२-३’ या कोष्टक-आज्ञावलीत ४६९ आज्ञा असून त्या ५० हून अधिक मेनू व उपमेनूंत विभागलेल्या होत्या. नोंदींची आद्याक्षरे क्रमाने दाबून काम करता येई व अशा कळांच्या मालिका ‘मॅक्रो’ म्हणून साठविता येत. हिशेबनीसांनी अशा शेकडो मालिका तयार केल्या होत्या. मेनूतील एखादी नोंद बदलली तरी त्या निरुपयोगी ठरत. म्हणून बोरलँड कंपनीने आपल्या ‘क्वाट्रो’ व ‘क्वाट्रो प्रो’ या आज्ञावल्यांत स्वतःच्या मेनूखेरीज लोटसच्या रचनेचा मेनूही निवडता येईल अशी सोय केली. यावर लोटस कंपनीने १९९० मध्ये दावा दाखल केला. कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय लोटसच्या बाजूने लागला. परंतु मार्च १९९५ मध्ये अपील न्यायालयाने मेनूतील आज्ञांची रचना ही ‘कार्यचालनाची पद्धत’ असून तिला लेखाधिकाराचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय दिला. त्यासाठी ध्वनिचित्रमुद्रक यंत्रावरील बटणांचा दृष्टांत न्यायालयाने वापरला. सर्वोच्च न्यायालयात १६ जानेवारी १९९६ रोजी चार विरुद्ध चार अशी मते पडल्याने अपील न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. मेनू शिकण्यात वापरणाऱ्याने खर्चिलेले श्रम त्याचे स्वतःचे असतात व ते त्याला एका विक्रेत्याशी बांधून ठेवण्याचे साधन होऊ नयेत, या विचारालाही या खटल्याच्या चर्चेत महत्त्वाचे स्थान मिळाले.

विंडोज प्रणालीतील मेनू : मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज ३.० (१९९०) मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ या चौकटीत आज्ञावल्यांची चित्रे गटागटाने मांडलेली असत व हे गट वापरणाऱ्यास बदलता येत. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये त्याऐवजी ‘स्टार्ट’ बटण व त्यातून उलगडणारा मेनू आला. हा मेनूही प्रत्यक्षात एक फोल्डर होता. त्यात उपफोल्डर केला की उपमेनू तयार होई. एखादे चित्र ओढून स्टार्ट बटणावर सोडले की ते मेनूत बसे. विंडोज एनटी ४.० (१९९६) मध्ये सर्वांसाठी सामाईक आणि प्रत्येकासाठी वैयक्तिक असे त्याचे दोन भाग केलेले होते. तथापि नवी बसविलेली प्रत्येक आज्ञावली आपल्या निर्मात्याच्या नावाचा एक उपमेनू निर्माण करी व त्यात माहितीपत्रक, विस्थापन अशा नोंदी टाकी. कामाच्या स्वरूपाऐवजी विक्रेत्यांच्या नावांनुसार वाढत जाणारी ही यादी अनेकांच्या पडद्याची उंचीही ओलांडी.

यावर उपाय म्हणून यंत्रानेच अनुकूलन करावे असा प्रयोग झाला. ऑफिस २००० व विंडोज २००० यांतील ‘वैयक्तिक’ मेनू अलीकडे न वापरलेल्या नोंदी आपोआप झाकून ठेवीत. खालचा बाण दाबल्यावर त्या पुन्हा दिसत. परंतु नोंदीची जागा स्थिर न राहिल्यामुळे हाताला लागलेली सवय मोडे व हवी ती आज्ञा नाहीशी झाल्याचा समज होई. विंडोज एक्सपी (२००१) मध्ये वापरणाऱ्याने स्वतः टाचलेल्या नोंदी व वारंवार वापरल्या जाणाऱ्या नोंदी यांचे वेगळे विभाग करून मध्यम मार्ग काढण्यात आला. ऑफिस २००७ मध्ये मुख्य आज्ञावल्यांतील मेनूंच्या जागी ‘रिबन’ ही चित्रपट्टी आली. तीत वापरणाऱ्यास बदल करण्यास मुभा जवळजवळ नव्हती; केवळ एका छोट्या पट्टीत आवडत्या आज्ञा ठेवता येत. रिबनची फेरमांडणी करण्याची सोय ऑफिस २०१० मध्ये देण्यात आली.

ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ ने स्टार्ट बटण व मेनू दोन्ही काढून टाकून संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या चौरस फरशांची मांडणी आणली. वापरणाऱ्यांची नाराजी इतकी तीव्र होती की, जुना मेनू परत आणून देणाऱ्या ‘क्लासिक शेल’ सारख्या अन्य निर्मात्यांच्या आज्ञावल्यांना मोठी मागणी आली. २०१३ मधील ८.१ या आवृत्तीत बटण परत आले व २०१५ मधील विंडोज १० मध्ये मेनूही परतला. २०२१ मधील विंडोज ११ मध्ये त्याची रचना पुन्हा बदलली. पाव शतकात एकाच मेनूची रचना इतक्या वेळा बदलल्यामुळे, वापरणाऱ्याने केलेली मांडणी पुढील आवृत्तीत टिकेलच याची शाश्वती उरली नाही.

युनिक्स व मुक्त प्रणाली : युनिक्स परंपरेत मेनू मुळातच वापरणाऱ्याने लिहावयाचा असे. एक्स विंडो प्रणालीवरील (१९८४) ‘टीडब्ल्यूएम’ या चौकट-व्यवस्थापकाचा मेनू वापरणाऱ्याच्या स्वतःच्या निर्देशिकेतील एका मजकूर-फाइलीत लिहिलेला असे. या पद्धतीत स्वातंत्र्य पूर्ण होते. परंतु नवी आज्ञावली बसविल्यास ती मेनूत आपोआप येत नसे आणि प्रत्येक चौकट-व्यवस्थापकाची लेखनपद्धती निराळी होती. ‘डेबियन’ या लिनक्स-वितरणाने प्रत्येक आज्ञावलीची नोंद एकदाच करून तीवरून निरनिराळ्या व्यवस्थापकांसाठी मेनू तयार करण्याची योजना अंमलात आणली. दरम्यान १९९६ मध्ये ‘केडीई’ व १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हे दोन मोठे प्रकल्प सुरू झाले. दोहोंचे मेनू वेगळे असल्याने एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या मेनूत दिसेलच असे नव्हते.

हा दुरावा मिटविण्यासाठी हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये ‘फ्रीडेस्कटॉप’ हा सहकार्याचा प्रकल्प सुरू केला. त्यातून पुढे आलेल्या संकेतानुसार प्रत्येक आज्ञावलीबरोबर मजकुराची एक छोटी फाइल असते. तीत आज्ञावलीचे नाव, ती चालविण्याची आज्ञा, चित्र आणि वर्ग यांची नोंद असते. कार्यालय, शिक्षण, आलेखन, खेळ, जाल इ. वर्ग ठरवून दिलेले आहेत. मेनूची रचना एका स्वतंत्र फाइलीत असते व तीत कोणत्या वर्गाच्या नोंदी कोणत्या उपमेनूत जाव्यात याचे नियम असतात. म्हणजे मेनू ही हाताने लिहिलेली यादी न राहता नियमांनुसार तयार होणारी यादी ठरते.

या संकेतातील अनुकूलनाची तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. संगणकभर लागू असलेल्या नोंदी एका ठिकाणी व प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदी त्याच्या स्वतःच्या निर्देशिकेत असतात. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असल्यास वापरकर्त्याची फाइल ग्राह्य धरली जाते. त्यामुळे एखादी नोंद लपविणे, तिचे नाव बदलणे किंवा ती दुसऱ्या गटात नेणे हे सर्व मूळ नोंदीस हात न लावता करता येते. आपली फाइल काढून टाकली की मूळ स्थिती परत येते. एकाच यंत्रावर अनेकांची खाती असली, तरी एकाच्या फेरमांडणीचा दुसऱ्यास उपद्रव होत नाही.

चांगला संकेत असूनही सोय आपोआप हाती येत नाही, हेही याच इतिहासात दिसून आले. मार्च २००५ मधील ग्नोम २.१० ने हा संकेत स्वीकारला, परंतु त्या आवृत्तीबरोबर मेनू संपादित करण्याचे साधन दिले गेले नाही. फाइली हाताने लिहू न शकणाऱ्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने मेनू जणू गोठविला गेला. ही उणीव स्वतंत्रपणे लिहिलेल्या, पुढे ‘अलाकार्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संपादकाने भरून काढली. एप्रिल २०११ मधील ग्नोम ३ ने तर परंपरागत मेनूऐवजी शोध व चित्रांचे जाळे असलेला आढावा-पटल आणला. जुनी मांडणी हवी असणाऱ्यांनी त्यातून ‘माटे’ व ‘सिनॅमन’ हे वेगळे प्रकल्प उभे केले. मूळ संकेत सर्वांस खुला असल्यामुळेच असे करणे शक्य झाले.

मराठी मेनू : भाषा हेही अनुकूलनाचे एक अंग आहे. वर वर्णिलेल्या नोंद-फाइलीत आज्ञावलीचे नाव अनेक भाषांत लिहिता येते. वापरणाऱ्याने मराठी भाषा निवडल्यास मराठी नाव दिसते व ते नसल्यास मूळ नाव दिसते. केडीई व ग्नोम यांचे मराठी मेनू अशा रीतीने सिद्ध झाले. यात काही अडचणी आल्या. ‘फाइल’, ‘धारिका’ व ‘संचिका’ असे पर्यायी शब्द निरनिराळ्या आज्ञावल्यांत आल्याने एकाच पडद्यावर एकाच आज्ञेची वेगवेगळी नावे दिसत. मेनूतील अधोरेखित अक्षर दाबून आज्ञा देण्याची पद्धत रोमन अक्षरांवर आधारलेली असल्याने मराठी नावापुढे कंसात रोमन अक्षर ठेवण्याची तडजोड करावी लागली. मेनूंत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करून त्यांचे एकसारखे अनुवाद ठरविण्याचा ‘फ्युएल’ हा प्रकल्प २००८ मध्ये पुण्यातून सुरू झाला व पुढे तो अन्य भाषांतही विस्तारला.

वापरकर्त्यांचा अभ्यास : मेनू बदलण्याची सोय किती जण व केव्हा वापरतात, याचा अभ्यास १९८० नंतर होऊ लागला. वेंडी मॅके यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ५१ वापरकर्त्यांच्या पाहणीवरून १९९१ मध्ये काढलेले निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. नव्या प्रणालीशी ओळख होत असताना लोक बदल करतात आणि पुढे वेळेच्या अभावी ते टाळतात. प्रणालीची आवृत्ती बदलली, की पुष्कळ जण नवी प्रणाली पूर्वीसारखी वागावी म्हणूनच अनुकूलन करतात, असे त्यांस आढळले. म्हणजे अनुकूलनाचा हेतू नेहमी नावीन्याचा नसून बरेचदा सवयीच्या रक्षणाचा असतो. अँड्र्यू सिअर्स व बेन श्नाइडरमन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वारंवार लागणाऱ्या मोजक्या नोंदी यादीच्या शिरोभागी वेगळ्या ठेवल्यास निवडीचा वेळ घटतो, असे दिसून आले. लीया फिंडलेटर व जोॲना मॅक्ग्रेनिअर यांच्या २००४ मधील तुलनेत स्थिर मेनू हा आपोआप बदलणाऱ्या मेनूपेक्षा जलद ठरला, तर पसंती बव्हंशी वापरणाऱ्यास स्वतः बदलता येणाऱ्या मेनूला मिळाली. ऑफिस २००० मधील अनुभवाशी हे निष्कर्ष जुळतात.

अलीकडील प्रवृत्ती : २००७ पासून मेनूत नाव टंकित करून नोंद शोधण्याची सोय सर्वत्र पसरली. विंडोज व्हिस्टाच्या स्टार्ट मेनूत व मॅक ओएस एक्स १०.५ च्या साहाय्य-मेनूत ती त्या वर्षी आली. २०१२ मध्ये ‘उबुंटू’ या लिनक्स-वितरणाने आज्ञावलीतील मेनूंच्या नोंदी टंकनाने शोधण्याची व्यवस्था पुढे आणली. शोधामुळे नोंद कोठे आहे हे लक्षात ठेवण्याची गरज कमी झाली व फेरमांडणीचे महत्त्वही काही अंशी घटले. मोठ्या संस्थांत मेनूची मांडणी प्रशासकाने ठरवून सर्व यंत्रांवर एकदम लागू करण्याची पद्धतही आहे. तीत प्रशिक्षण व साहाय्य सुलभ होते, परंतु व्यक्तीच्या निवडीस मर्यादा पडतात.

तथापि शोधासाठी आज्ञेचे नाव आधी ठाऊक असावे लागते. आपल्या यंत्रावर काय काय करता येते याची कल्पना नसलेल्या माणसास ते क्रमाने दाखविण्याचे काम यादीच करू शकते. त्यामुळे मेनू मागे पडले असले, तरी नाहीसे झालेले नाहीत. आरंभीची मांडणी सर्वांस सारखी व सुबोध असणे, बदल वापरणाऱ्याच्या हातून व त्याच्या इच्छेने होणे, मूळ स्थितीस परत जाता येणे आणि केलेले बदल नव्या आवृत्तीतही टिकणे, या चार गोष्टी चांगल्या अनुकूलनाच्या कसोट्या मानता येतील. त्यांपैकी शेवटची गोष्ट साधणे निर्मात्यांस सर्वांत कठीण गेल्याचे वरील इतिहासावरून दिसते.